जांभळा कान

परवा पुण्यात, भाचजावयाच्या घरी, मी वाइनचा पेला कानाला लावला.

बाकीच्यांनी नाकाला लावला होता. आमचे भाचजावई या बाबतीत शिकलेले. कुठल्याशा देशाच्या, नकाशात बोट फिरवून शोधावा लागेल अशा डोंगराळ कोपऱ्यातली ती बाटली त्यांना कोणी आणून दिली होती. एका घरचा लहानसा द्राक्षमळा, झाडांवर औषध मारत नाहीत, पोत्यातलं खत घालत नाहीत, घरचीच माणसं द्राक्षं खुडतात आणि घरचीच तुडवतात, असं बरंच काही त्यांनी सांगितलं. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, कारण हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. शेवटचं मात्र नीट कळलं. "काका, ही गाळलेलीसुद्धा नाही. अजून जिवंत आहे."

जिवंत म्हटल्यावर माझा हात आपोआप वर गेला. मी डोळे मिटले, पेला डाव्या कानाशी धरून भरपूर ऐकून घेतलं, आणि छातीवरची नळी काढताना डॉक्टर करतो तसा चेहरा करून जाहीर केलं, "गप्प झालीय. आता बूच मारायला हरकत नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे हसले. मीही हसलो. आपण विनोद केला की आपला विनोद झाला, हे साठी ओलांडलेल्या माणसाने फार तपासू नये. समोरच्या सोफ्यावर बसलेली सुमन, म्हणजे आमची ही, मात्र हसली नाही. ती माझ्याकडे नुसती बघत होती. तिचं तसं बघणं मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा ते माझ्यासाठी नव्हतं.

सगळा दोष त्या दिवसांचा. मे संपत आला होता, आणि भाचीच्या सोसायटीच्या फाटकाशी एक बाई पाटीत जांभळं घेऊन बसली होती. पानाच्या द्रोणात मोजकी जांभळं आणि वर मीठ. द्रोण हातात घेतला आणि बोटांना तो जुना, तुरट चिकटपणा लागला. जांभळाचा डाग कपड्यावरून जातो म्हणतात, झाडाला फळ यायचं थांबलं की. माझ्या डाव्या कानाच्या पाळीवरचा कधी गेला ते मला आठवत नाही.

ऐंशीच्या दशकातला तो मे. आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष होत होतं. मी जामसंड्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो, आणि सुट्टी लागली की बायकोच्या मागोमाग सासरवाडीला जायचो. देवगडचा हापूस सगळ्या जगाला ठाऊक, पण त्याच तालुक्याची मागची, घाटाकडे तोंड केलेली बाजू कोणाच्या गावीही नसते. मी भूगोलाचा मास्तर असून लग्न ठरेपर्यंत मलाही नव्हती. तिथून समुद्र दिसत नाही. कातळ, कातळाखाली घळ, घळीत पाणी धरून उभी राहिलेली झाडं. माझ्या सासऱ्यांची, आबांची, वाडी त्या घळीत होती. काजू, रातांबे, फणस, आणि मधोमध जुन्या जांभळांची राई. झाडांना मिळायचं ते शेण, कुजलेला पाला आणि बंदरावरून आलेलं सुक्या मासळीचं कूट. औषधाचा पंप त्या घरात कधी शिरलाच नाही. तेव्हा याला मोठं नाव नव्हतं. "आमका जमणा नाय," एवढंच म्हणायचे.

राईच्या पोटात एक शेंदूर न लावलेला, नुसताच काळा दगड होता. तो राखणदार. त्या जमिनीची राखण तो करतो, आणि मिरगाच्या पावसाआधी घरच्यांनी त्याला त्याची राखण द्यायची: कोंबडा, विडी, आणि बरणीतला रस. त्या घरात कोणी दारू म्हणायचं नाही, वाइन हा शब्द तर कोणाला ठाऊकच नव्हता. रस म्हणायचे. राईतल्याच जांभळांचा, आबांच्याच हातचा. पहिली करवंटी दगडाच्या मुळाशी ओतायची, दुसरी घरातल्या वडीलधाऱ्याने घ्यायची, आणि मग बाकीच्यांनी. मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मला आधी जीभ दुमडल्यासारखी वाटली, मग घशात कोणीतरी हळूच दिवा लावल्यासारखं. पण ती फार पुढची गोष्ट.

कारण त्या वर्षी रस होणार की नाही, याच्यावर राई उभी होती.

आबांच्या थोरल्या भावाला घरात सगळे भाऊच म्हणायचे. उंच, कोरडे, पान चघळत कमी बोलणारे. मागच्या मिरगाला दुसरी करवंटी त्यांनी तोंडाला लावली आणि थुंकली होती. रस आंबला होता, सरळ शिरका, म्हणजे व्हिनेगर. आबांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्या मेमध्ये मी पोचलो त्याच दिवशी जेवताना भाऊंनी विषय काढला. आबांच्या अगदी समोर बसून, एकेक शब्द सुटा करून ते बोलले.

"गेल्या साली राखणदाराक आंबाट पाजलंस. ह्या साली परत आंबाट झाला, तर झाडा तोडूया. मिरगाआधी खड्डे मारूक होये. मी हापूसची कलमा सांगान ठेवलंय."

"आणि राखणीक रस?" आबांनी विचारलं.

"दुकानातसून बाटली हाडू."

आबांनी आमटी भातावर ओतली. "दुकानातला पिलो, तर तो दुकानाचीच राखण करतलो," ते म्हणाले आणि भात कालवू लागले.

मी हसलो. एकटाच. सासूबाईंनी, माईंनी, माझ्या पानात न मागता माशाची तुकडी वाढली. तोंड बंद ठेवायची ती त्यांची रीत होती.

संध्याकाळी विहिरीवर सुमनने कळशी भरता भरता मला सांगितलं. लग्नाआधी एकदा तिने आबांना मागून हाक मारली होती. ते कुंपण बांधत होते. तिने परत हाक मारली. ते बांधतच राहिले. ती पुढे जाऊन उभी राहिली तेव्हा दचकले आणि हसले.

"आबांका आयकूक येणा नाय," ती म्हणाली. "रस आंबलो तो तेच्यामुळेच. बरणी बोलायची थांबली तरी तेंका कळला नाय."

आता हे बरणीचं बोलणं. राईखाली बंदरावरची जुनी जाळी ताणून बांधायची, म्हणजे पिकलं जांभूळ जमिनीवर न आपटता जाळीत पडतं. ते धुवायचं नाही. त्याच्या अंगावरची पांढुरकी राख हीच रसाला फसफसवणारी खरी कामकरी. गर हातानेच कुस्करायचा, बी चिरडू द्यायची नाही, गूळ घालायचा, आणि चिनीमातीच्या मोठ्या बरणीत भरून तोंडाला नुसतं फडकं बांधायचं. मग ती बोलायला लागते. बरणीच्या पोटाला कान लावला की आत बारीक कुजबूज ऐकू येते, लांबच्या देवळात बायका जमल्यासारखी. रोज ती कमी होत जाते. ती थांबली की रस गाळून, झाकणाला मेण लावून बरणी बंद करायची. घाईने बंद केली तर फुटते. उशीर झाला तर आंबते. दुसरं कसलंही मोजमाप नाही, फक्त कान.

"मग भाऊंना सरळ सांगून टाकूया ना," मी शहाणपणा केला.

"कान गेलेल्या माणसाचो शबुद घरात कोण आयकता?" सुमन म्हणाली. "तुमी कान लावा. पण तुमका म्हायत आसा ह्या तेंका कळाक नको."

मला वाटलं, माझ्या कानाची ख्याती इथवर पोचली. मी तेव्हा जामसंड्यात भजनाला पेटी धरायचो आणि तानसेन नसलो तरी कानसेन आहे असं चारचौघांत सांगायचो. भजनी मंडळाचं मत वेगळं होतं. सुमननेही नंतर कधीतरी सांगितलं, की घरात दुसरं मोकळं कोणी नव्हतं.

त्या मेची आठवण मला आजही कानातून येते. पहाटेची वेळ, भरडलेल्या तांदळाचा वास असलेली अंधारी कोठी, गार चिनीमाती, आणि तिच्या एका बाजूला आबांचा कान, दुसऱ्या बाजूला माझा. आम्ही दोघे बरणीला मिठी मारून बसलेलो. पहिले दोन दिवस मला फक्त माझंच रक्त वाहताना ऐकू आलं. मग एकदा ती खरंच बोलली. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी कान काढला, मान डोलावली, आणि वाट बघत राहिले.

"अजून बोलता. नाय, आबा?" मी त्यांना ओठ दिसतील असं समोर बघून म्हटलं.

"तसाच तर माका वाटला," ते म्हणाले.

असं रोज. ते ऐकल्यासारखं करायचे, मी त्यांना विचारल्यासारखं सांगायचो, आणि ते स्वतःचंच मत असल्यासारखं ते घ्यायचे. दिवसभर दोघेही त्याबद्दल चकार शब्द काढायचो नाही. एकदा मात्र वाडीच्या दगडी गडग्यावर बसून ते आपणहून म्हणाले, "हल्लीची माणसा तोंडातल्या तोंडात बोलतत." मी म्हटलं, "खरं आहे."

बरणीच्या पोटावर जांभळाचे ओघळ सुकलेले असायचे. ते माझ्या कानाला लागत. एका दुपारी जेवताना भाऊंनी घास हातात थांबवला.

"जावयबापूनु, कानाक काय लागला?"

"जांभळं," मी म्हटलं. "गोळा करताना."

"जामसंड्याक जांभळा कानान गोळा करतत?"

माईंनी माशाची तुकडी उचलली होती, ती वाढायच्या आत मीच तोंडात भात कोंबला. भाऊंनी आबांच्या कानाकडे पाहिलं. तोही जांभळा होता. मग परत माझ्याकडे. आणि थांबवलेला घास तोंडात घातला. माझा हात मात्र त्या दिवसापासून त्यांच्या पानाच्या डब्याचा खटका वाजला तरी कानाकडे जायचा. संध्याकाळी ते राईत हिंडत आणि बुंध्यांवर थाप मारत. कुऱ्हाड कुठून घालायची ते बघतात, असं मला वाटायचं.

आणि मग एका पहाटे मी कान लावला, तर आत काही नाही. परत लावला. श्वास धरून ऐकलं. नुसता गारवा. मी आबांकडे बघून मान हलवली. त्यांनी फडकं सोडलं, पंच्यातून रस गाळला, बरणी धुऊन परत भरली, झाकण बसवलं आणि मेण ओतलं. माझ्यावर कोणी इतका विश्वास टाकला की मला झोप येते. दुपारी जेवून मी गाढ झोपलो.

सुमनने मला खांद्याला धरून हलवलं. "आवो, उठा. बरणी बोलता."

कोकणातली दुपार म्हणजे गाव मेल्यासारखं. कौलं तापून तडतडत होती. पडवीत, कोठीच्या दाराला लागूनच, भाऊ आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले. आम्ही त्यांच्या पायांवरून कसे गेलो ते देव जाणे. आत गेल्यावर मला दिसलं, झाकणाच्या कडेला मेणाला एक फुगा आला होता. तो हळूहळू मोठा होत होता. मी कान लावला आणि झटकन काढला. आत कुजबूज नव्हती, भांडण चाललं होतं.

पहाटेच्या गारव्यात ती झोपते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी माझ्या कानावर भरवसा ठेवला होता.

"फुटतली," सुमन पुटपुटली. फुटली असती तर सगळं एकदमच गेलं असतं. रस, राई, आणि आबांनी वर्षभर सांभाळलेलं गुपित. तिने विळ्याचं टोक मेणात घातलं. मी झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं, म्हणजे ते उडू नये. बरणी माझ्या पोटाशी थरथरत होती. तिने टोक फिरवलं.

फस्सऽऽऽ. इतका लांब आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. संपेचना.

पडवीतून भाऊ म्हणाले, "काय गो, कसलो आवाज तो?"

सुमनच्या कपाळावर घाम होता. पण आवाज जागचा हलला नाही. "काय नाय, भाऊकाका. ह्यांका शिंक इली."

बाहेर खुर्ची करकरली. "एवढी लांब? जावयाक वाफ दी."

आम्ही मेण काढून फडकं बांधलं. संध्याकाळी आबा कोठीत गेले. फडक्याकडे, जमिनीवर पडलेल्या मेणाच्या सालींकडे, आणि माझ्या शर्टावर उडालेल्या जांभळ्या शिंतोड्यांकडे त्यांनी सावकाश पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते खाली बसले आणि मेणाच्या साली एकेक करून वेचू लागले. मीही बसलो.

"जावयबापू, दुपारी आयकूया," साली वेचून झाल्यावर ते म्हणाले. "सकाळचा माका पण काय आयकूक येणा नाय."

सगळं आयुष्य झाकण दाबून धरलेल्या माणसाने मेणात एवढीच चीर पाडली. मी मान डोलावली. यापेक्षा जास्त आम्ही त्या विषयावर कधीच बोललो नाही.

मिरग तोंडावर आला तेव्हा बरणी भरदुपारीही गप्प झाली. या वेळी मी तीनदा ऐकलं, सुमनने ऐकलं, माईंनीसुद्धा हात पुसून कान लावला. आबांचा धरून चारही कान जांभळे. मग मेण.

राखणीच्या सकाळी राईत आम्ही घरचीच माणसं होतो. दगडासमोर भाऊ गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. त्यांच्या मागे एका झाडाच्या बुंध्याला कुऱ्हाड टेकवून ठेवलेली होती. ती त्यांनीच आणली होती. फांद्या छाटायला आणली असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. आबा तिच्याकडे बघत नव्हते. ते भाऊंच्या तोंडाकडे बघत होते.

"बा राखणदारा म्हाराजा! तुज्याच जमनीतली राखण तुका देतंव, ती मान्य करून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

"घरात, वाडीत काय इडा-पिडा आसात, ती भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भाऊ थांबले. त्यांनी मान खाली घातली आणि दगडाकडे बघत, त्याच चालीत पण हलक्या आवाजात पुढे म्हणाले, "ह्या माज्या धाकट्या भावाचे कान गेलेत. तो कोणाक सांगणा नाय, तुका पण सांगूचो नाय. म्हणान मी सांगतंय. तेका जा आयकूक व्हया, ता तूच तेच्या कानात घाल रे म्हाराजा!"

माईंनी पदर तोंडाशी नेला. मग त्यांनीच आधी म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग सुमनने, मग मी. आबांना भाऊंचे ओठ दिसले नव्हते, पण आमचे दिसले. ते सगळ्यांच्या मागून, एकटेच, खणखणीत आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

सुमनने त्यांच्याकडे पाहिलं. ते बघणं मला शब्दांत सांगता येणार नाही.

आबांनी मेण फोडलं. पहिली करवंटी दगडाशी गेली आणि माती जांभळी झाली. दुसरी भाऊंनी घेतली. वर न बघता तोंडाला लावली. घोट गिळला नाही. गालात धरून उभे राहिले. वारा पडलेला, पान हलत नव्हतं. आबांचे हात बरणीच्या काठावर तसेच. मला वाटलं, आता थुंकणार.

भाऊंच्या गळ्यातली घाटी वर गेली आणि खाली आली.

"आंबाट नाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "जावयाच्या शिंकेन काम केलान." मग त्यांनी उरलेली करवंटी सावकाश संपवली, आबांच्या जवळ गेले, त्यांच्या कानाशी वाकले आणि राईतले पक्षी उडतील एवढ्याने ओरडले, "झाडा ऱ्हवांदेत रे!"

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "ओरडतस कित्याक?" ते म्हणाले. "माका आयकूक येता."

हापूसची कलमं पलीकडच्या उतारावर लागली. दोघे भाऊ आता नाहीत. राई आहे. तेव्हा बाहेरगावी नोकरीला असलेला मेव्हणा आता तिथे बरणी भरतो, विकत नाही, आणि यंदा फळ बरं असल्याचा त्याचा फोन आला होता. फोनवर तोही हल्ली फार हळू बोलतो.

परवा भाचीकडून निघताना रिक्षात मी आधी चढलो आणि सवयीने उजवीकडे सरकलो. सुमनने मला उतरायलाच लावलं. म्हणाली, त्या बाजूला मी बसते. आम्ही जागा बदलल्या. ती माझ्या उजव्या कानाशी बसली. मग सिग्नलला रिक्षा थांबल्यावर म्हणाली, "मंडळी तुम्ही पेला कानाला लावलात म्हणून नाही हसली."

"मग?"

"ती वाइन फसफसत होती. मला समोरच्या सोफ्यावर ऐकू येत होती."

मी बाहेर बघत राहिलो. सिग्नल सुटला. तिने माझ्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली, पूर्वी त्यावरचा डाग घासून काढताना धरायची तशी, आणि पुण्यात राहायला आल्यापासून क्वचितच बोलते त्या भाषेत म्हणाली,

"आबांका जावय तरी होतो. तुमका मीच आसंय."